कडेला बसलेल्याची हजेरी

गुडघा मुरगळलाय. चालता येतं, पण मांडी घालणं जमत नाही आणि कुणी पाडलं तर पडणं त्याहून जमत नाही. अशा दिवशी शिष्याने डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, जावं की घरी पाय वर करून पडावं? जपानी युद्धकलांच्या जगात याचं उत्तर केव्हाच ठरून गेलेलं आहे. जावं, कडेला बसावं आणि इतरांचा सराव बघावा. या बघण्याला तिथे सरावाचाच दर्जा आहे, ‘मितोरी गेइको’ असं त्याला वेगळं नावही आहे. क्यूदोमध्ये, म्हणजे जपानी धनुर्विद्येत, सरावाचे तीन प्रकार सांगतात. एक बघून करायचा, दुसरा स्वतःचं डोकं लढवून करायचा आणि तिसरा बाणांमागून बाण सोडत करायचा. पहिला प्रकार उरलेल्या दोघांच्या पंगतीला बसतो, शिंगं मोडून वासरांत शिरलेला पाहुणा म्हणून नव्हे.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पुढचा प्रश्न विचारला की चुळबुळ सुरू होते. हा सराव असेल, तर त्याची हजेरी लावायची का?

प्रश्न कारकुनी वाटेल, पण त्यावर बरंच काही अडून असतं. आयकिदो या जपानी युद्धकलेची मुख्य संस्था असलेल्या आयकिकाईच्या नियमांत पहिल्या क्यूनंतर, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या लगेच खालच्या पायरीनंतर, शोदानची, म्हणजे पहिल्या काळ्या पट्ट्याची परीक्षा द्यायला किमान 70 दिवसांचा सराव लागतो. त्यापुढच्या पायरीला एक वर्ष आणि 200 दिवस. आता भिंतीला टेकून काढलेला दिवस यात धरायचा की नाही? काही शिक्षक बिनदिक्कत धरतात. काहींना ही कल्पनाच हास्यास्पद वाटते. घाम गाळल्याशिवाय सराव कसला, असा त्यांचा सवाल असतो. माझं म्हणणं असं की तो दिवस धरावा, पण त्या दिवशी बसलेल्याला ‘काय बघितलंस?’ असं कुणीतरी विचारलं असेल तरच. विचारलं नसेल तर तो दिवस सरावाचा नाही, आणि तो दिवस वाया जाण्यात शिष्यापेक्षा शिक्षकाचा दोष जास्त.

बघणं हे काम आहे, आणि ते आपोआप येत नाही. क्यूदोचंच घ्या. 28 मीटरवर 36 सेंटिमीटर व्यासाचं लक्ष्य असतं. धनुर्धारी ठरलेल्या आठ टप्प्यांतून जात धनुष्य पूर्ण ताणतो, काही क्षण तसाच थांबतो आणि बाण सुटतो. त्या क्षणी पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक प्रेक्षकाची मान गर्रकन लक्ष्याकडे वळते. लागला का? ज्याला शिकायचंय त्याची मान वळत नाही. त्याची नजर धनुर्धाऱ्यावरच असते, कारण जे घडायचं ते बाण सुटायच्या आधी घडून गेलेलं असतं आणि त्याची खूण सुटल्यानंतरच्या शरीरावर राहते. दोन्ही हात एका रेषेत उघडले की उजवा खांदा मागे ओढला गेला? डाव्या मुठीत धनुष्य आपसूक फिरून प्रत्यंचा हाताच्या बाहेरच्या बाजूला आली की मूठ घट्ट आवळल्यामुळे मध्येच अडली? बाण लागला की नाही हे आवाजावरूनही कळतं. त्यासाठी डोळे खर्च करायची गरज नसते.

केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तर डोळ्यांवर फार विसंबून चालतच नाही. चांगल्या खेळाडूने शिनाईचा, म्हणजे बांबूच्या तलवारीचा, डोक्यावर केलेला वार नवख्याला दिसत नाही. त्याला दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली दिसतात, मोठी आरोळी ऐकू येते आणि पंचांचे झेंडे वर गेलेले दिसतात. गुण कशाचा मिळाला हे कोडंच राहतं. थोडे महिने कडेला बसलेला माणूस मात्र ऐकायला लागतो. पुढचा पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आणि शिनाईचा फटका एकत्र आले की पायाचा आवाज आधी आला? आरोळी वारासोबत निघाली की उशिरा, वार झाल्याचं लक्षात आल्यावर? तलवार, शरीर आणि मन एकाच क्षणी पोचलं पाहिजे, असं शिक्षक वर्गात वारंवार सांगत असतात. ते स्वतः खेळताना कळत नाही, कारण खेळणारा स्वतःच्या आवाजात बुडालेला असतो. बाहेर बसलेल्याला ते सहज ऐकू येतं.

आयकिदोत शिक्षक सहसा एखादं तंत्र चारेक वेळा करून दाखवतो, उजवीकडून, डावीकडून, समोरून आत शिरून आणि मागे वळून. फारसं बोलत नाही. मग जोड्या लागतात. शिहोनागे नावाच्या फेकीत हल्ला करणारा, ज्याला उके म्हणतात, मनगट धरतो. दुसरा तो हात कपाळावरून नेत खालून वळतो आणि त्याला पाठीवर पाडतो. नवशिक्याची नजर मनगटाला चिकटते, कारण तिथे काहीतरी पिळलं जातंय असं दिसतं. जोडीत उभा राहिल्यावर तो मनगट पिळतो, काहीच होत नाही, मग जोर लावतो. त्याने उकेच्या टाचेकडे बघायला हवं होतं. मागची टाच जमिनीवरून उचलली गेली तो क्षण कोणता? बहुतेक वेळा पकड नीट बसायच्याही आधी. दाखवणारा तोवर अर्धं पाऊल रेषेबाहेर गेलेला असतो आणि उकेचा तोल पुढच्या पायावर आलेला असतो. उरलेलं तंत्र म्हणजे झालेल्या गोष्टीचा हिशेब पुरा करणं. हे एकदा दिसलं की दिसतच राहतं, पण ‘टाचेकडे बघ’ असं कुणी सांगितल्याशिवाय ते दिसायला वर्षं जाऊ शकतात.

आणि कुणी न सांगता वर्षं जावीत, हीच खरी परंपरा आहे असं मानणारा मोठा वर्ग आहे. कला शिकवली जात नाही, ती गुरूकडून चोरावी लागते, हे जपानी कारागिरांपासून तलवारबाजांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य. त्यात तथ्य नाही असं नाही. समजावून सांगितलेली गोष्ट समजली असं वाटून शोध थांबतो. न सांगितलेली गोष्ट माणूस स्वतः खणून काढतो, आणि खणलेलं अंगात मुरतं. पण ही चोरी कोणत्या घरात चालायची ते विसरलं जातं. उचिदेशी, म्हणजे गुरूच्या घरी राहणारा शिष्य, पहाटेपासून रात्रीपर्यंत गुरूच्या आसपास असायचा आणि रोज त्याच्याच हातून आपटला जायचा. मनगट धरल्यावर गुरूचा हात कसा लागतो, तोल जातो तो नेमका कुठून, हे त्याच्या हाडांना ठाऊक असायचं. तो बघायचा ते आधी भोगलेलं बघायचा. आठवड्यातून दोनदा तास-दीड तासासाठी येणाऱ्या, पंधरा-वीस जणांत मिसळलेल्या आजच्या शिष्यासमोर तेच मौन धरलं तर ते परंपरेचं नुसतं टरफल आहे.

ज्यांनी हा सगळा प्रकार आधुनिक जगात आणला त्या ज्युदोच्या संस्थापक कानो जिगोरो यांना हे बरोबर कळलं होतं. 1877 साली विद्यार्थीदशेत ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू, म्हणजे झटापटीची जुनी जपानी कला, शिकायला गेले. एकदा त्यांनी एका फेकीबद्दल विचारलं की ही नेमकी कशी करायची. फुकुदांनी उत्तर म्हणून त्यांना फेकलं. कानोंनी पुन्हा विचारलं, पुन्हा फेकले गेले. पुनःपुन्हा केल्याने येईल, विचारून येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. हा किस्सा जुन्या पद्धतीचं कौतुक म्हणून सांगितला जातो. पण त्याच कानोंनी 1882 साली कोदोकान ही स्वतःची ज्युदोची शाळा स्थापन केल्यावर ज्युदो शिकण्याचे चार मार्ग ठरवले, त्यात काता आणि रांदोरी, म्हणजे ठरलेल्या क्रमाचा आणि मोकळा सराव, यांच्या बरोबरीने व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं ठेवली. प्रश्नाला उत्तर म्हणून फेकला गेलेला माणूस प्रश्नोत्तरांना अभ्यासक्रमात जागा देतो, याकडे मौनाचे पुरस्कर्ते काणाडोळा करतात. शिवाय फुकुदांच्या डोजोत एका धिप्पाड सहाध्याय्याला पाडता येईना, तेव्हा याच कानोंनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक धुंडाळलं आणि खांद्यावर उचलून टाकायचा डाव बसवला. म्हणजे नुसत्या पानावरूनही डाव उचलता येतो, पण तो उचलणारा आधी अनेक वेळा आपटलेला आणि आपल्याला नेमकं काय हवंय हे माहीत असलेला होता.

हे नुसतं किस्स्यांवर सोडायला नको, कारण बघण्याच्या परिणामांवर प्रयोग झालेले आहेत. 2008 साली रोममधल्या संशोधकांनी बास्केटबॉलच्या फ्री थ्रोची चित्रफीत वेगवेगळ्या क्षणी थांबवून लोकांना विचारलं की चेंडू आत जाईल का. खेळाडूंनी चेंडू हातातून सुटायच्या आधीच, फेकणाऱ्याच्या शरीराच्या हालचालीवरून, इतरांपेक्षा अचूक ओळखलं. इतरांमध्ये नवखे होतेच, पण प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकारही होते, ज्यांनी हा खेळ आयुष्यभर बघितलेला असतो. खूप बघितलेल्यांपेक्षा स्वतः करणाऱ्यांना जास्त दिसलं. त्याआधी, 2005 साली, बॅले नर्तक आणि ब्राझीलच्या कापोएरा या नाचासारख्या युद्धकलेचे खेळाडू यांना दोन्ही प्रकार दाखवून मेंदूचं चित्रण केलं गेलं. ज्याचं जे शरीरात होतं ते बघताना त्याच्या मेंदूतला हालचालींशी जोडलेला भाग जास्त जागा होत होता. कडेला बसवण्याच्या प्रथेच्या बाजूने याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण पुरावा कुणाच्या बघण्याचा आहे ते नीट वाचा. तो करणाऱ्याच्या बघण्याचा आहे.

न करणाऱ्याच्या बघण्याचं काय होतं, ते 2018 साली शिकागोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं. टेबलावरची भांडी जागच्या जागी ठेवून खालचा कपडा ओढून काढायचा खेळ काहींना एकदा दाखवला, काहींना 20 वेळा. 20 वेळा बघणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असं जास्त वाटू लागलं. डार्ट्सच्या प्रयोगात त्यांना प्रत्यक्ष फेकायलाही लावलं: आत्मविश्वास वाढलेला, गुण जिथल्या तिथे. जगलिंगच्या प्रयोगात काहींना उडवायच्या बाटल्या नुसत्या हातात धरायला दिल्या, फेकायला नाही. तेवढ्यानेही फुगा बराच उतरला. मोबाइलवर दिवसाला दहा इरिमी-नागे, म्हणजे आयकिदोतल्या फेकी, बघणाऱ्या मंडळींनी हा प्रयोग जरूर मनावर घ्यावा.

चित्रफितीला माझा विरोध नाही. स्वतःच्या सरावाची फीत बघणं फार उपयोगाचं आहे, कारण आपण काय करतोय असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात काय करत होतो यातलं अंतर तिथे उघडं पडतं. पण दुसऱ्याच्या प्रात्यक्षिकाच्या फितीत कोन कॅमेऱ्याने निवडलेला असतो, फसलेले प्रयत्न कापून टाकलेले असतात आणि काही वेळा तर तंत्रच मुद्दाम झाकलेलं असतं. तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्‍यू या जुन्या संप्रदायात प्रवेश घेताना बोट टोचून रक्ताची शपथ घ्यावी लागते, इथलं काही बाहेरच्याला दाखवणार नाही म्हणून. तिथल्या कातांमध्ये तलवारीवर तलवार आपटताना दिसते ती अनेकदा बघणाऱ्याला चकवण्यासाठी. खरा वार प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर असतो आणि तो आतल्यांनाच सांगितला जातो. चोरी करणारे बाहेर बसलेले आहेत हे गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे. नुसत्या डोळ्यांनी शिकता आलं असतं, तर एवढा बंदोबस्त करावाच लागला नसता, असंही कुणी म्हणेल. पण उलट बाजूने बघा, जाणकाराचे डोळे किती घेऊन जाऊ शकतात याची त्या लोकांना धास्ती होती.

आता बघण्याची सगळ्यात चांगली व्यवस्था कुठे आहे ते सांगतो. सुमोच्या हेयात, म्हणजे पैलवान राहतात आणि सराव करतात त्या घरात. मातीचं वर्तुळ एकच असतं आणि पैलवान अनेक, त्यामुळे सकाळच्या सरावात बहुतेक जण बहुतेक वेळ वर्तुळाच्या कडेला उभे असतात. मोशिआई नावाच्या प्रकारात जिंकणारा आत राहतो आणि पुढचा प्रतिस्पर्धी तोच निवडतो. कुस्ती संपल्या क्षणी कडेचे सगळे ‘मला घे, मला घे’ म्हणून त्याच्या अंगावर धावतात. ज्याला तो घेईल त्याला पुढच्या क्षणी त्याच माणसाशी भिडायचं असतं. अशा माणसाला ‘नीट बघ’ असं सांगावं लागत नाही. समोरचा डाव्या हाताने पट्टा पकडायला जातो की छातीवर रेटतो, दमल्यावर त्याचे पाय जवळ येतात का, हे त्याने बघितलं नसेल तर ते वर्तुळ लगेच विचारतं आणि उत्तर चुकलं की माती अंगाला लागते. केंदोतही वरिष्ठ शिक्षकासमोर रांग लागते, तिथे हेच होतं, फक्त रांगेतल्या काहींना शिरस्त्राणाची दोरी पुनःपुन्हा बांधत बसायची सवय असते.

मुद्दा इथे आहे. सुमोत बघण्याला जाब विचारणारी माती आहे. गुडघा बांधून कडेला बसलेल्याला जाब विचारायला कुणी नाही. तो दीड तास बसतो, शेवटी वाकून नमस्कार करतो आणि जातो. त्याने टाच बघितली की मोबाइल, फरक पडत नाही. म्हणून ते काम शिक्षकाने अंगावर घ्यायला हवं. सुरुवातीला एक प्रश्न द्यावा: आज फक्त त्या दोघांकडे बघ आणि तोल कधी जातो ते सांग. शेवटी दोन मिनिटं काढून उत्तर ऐकावं, शक्य तर सगळ्यांसमोर. नवशिक्यांकडे बघायला लावावं, नुसतं उस्तादांकडे नव्हे. चूक आणि तिची दुरुस्ती जिथे डोळ्यांसमोर घडते तिथे शिकण्यासारखं जास्त असतं. उस्तादाच्या हालचालीत चूक कशी टळली हे दिसतच नाही.

जपानी शाळांत या गोष्टीला वेगळी धार आली आहे. एप्रिल 2012 पासून तिथल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे जपानी युद्धकलांचं शिक्षण, सक्तीचं झालं. बरं नसलेला विद्यार्थी शारीरिक शिक्षणाच्या तासाला कडेला बसतो आणि अनेक ठिकाणी त्याच्याकडून निरीक्षणाचा कागद भरून घेतला जातो. कागद भरणं हे विचारण्याचं स्वस्त रूप आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. धोका दुसरीकडे आहे. 1983 नंतरच्या तीन दशकांत जपानी शाळांतल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव हे त्यातलं मोठं कारण, आणि बळी पडलेल्यांत नवशिके बरेच. पडण्याची कला, उकेमी, बघून येत नाही. हनुवटी छातीला लावून मान सांभाळायची असते हे शंभरदा बघितलेलं मूल प्रत्यक्ष मागे फेकलं गेलं की मान मागे टाकतं. त्यामुळे चार तास कडेला बसून परत आलेल्या मुलाला ‘बघितलंय ना सगळं?’ म्हणत वर्गाबरोबर पुढच्या फेकीला उभं करणारा शिक्षक त्याच्या जिवाशी खेळतो. बघण्याचे दिवस मोजायचे असतील तर ते समजुतीच्या खात्यात मोजावेत, पडण्याच्या खात्यात कधीच नाही.

विचारण्यावर माझा एवढा भर आहे त्याला आणखी एक कारण आहे. ‘बघ आणि गप्प बस’ ही शिस्त तंत्रापुरती राहत नाही. 2013 च्या जानेवारीत जपानच्या राष्ट्रीय पातळीवरच्या 15 महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध केलेली तक्रार बाहेर आली. जगातल्या उत्तम खेळाडू त्या, तरी ऑलिंपिक समितीपर्यंत जाईतो त्यांचं ऐकलं गेलं नाही. मारहाणीचं खापर मितोरी गेइकोवर फोडणं खुळेपणाचं होईल. पण जिथे पायाच्या टाचेबद्दलही प्रश्न विचारायची सवय नाही, तिथे गालावरच्या थपडेबद्दल तोंड उघडायला कुणाला बळ येणार?

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. विचारायला लागलं की शिष्य शिक्षकाला आवडेल ते बघायला शिकतो. टाच टाच म्हणून सगळे टाचेलाच चिकटतील आणि ज्याला स्वतःहून दुसरंच काही दिसलं असतं त्याचीही वाट बंद होईल. हे होतं. त्यावर उपाय इतकाच की दिलेल्या प्रश्नाच्या उत्तरानंतर ‘आणखी काय दिसलं?’ हेही विचारावं आणि आलेलं उत्तर पटलं नाही तरी ऐकून घ्यावं. अवघड आहे, कारण कडेला बसलेल्याला शिक्षकही दिसत असतो. ‘तुम्ही हात वर न्या म्हणता, पण तुमचा हात वर जात नाही, तुम्ही स्वतः खाली जाता’, असं एखाद्या पांढऱ्या पट्ट्याने सांगितलं तर? माझ्या मते त्या एका वाक्यासाठी त्याचे दोन दिवस धरावेत.

बाकी हिशेबाचं म्हणाल तर मर्यादा घालावी. शोदानच्या 70 दिवसांत कडेचे सात-आठ धरायला हरकत नाही, त्याहून जास्त नको, कारण करण्याशिवाय बघणं फार काळ टिकत नाही. दीर्घ दुखणं असलेल्यांची, गरोदर बायकांची, वय झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना परीक्षेची घाई नसते, त्यांना डोजोशी नातं तुटू द्यायचं नसतं, आणि त्यांच्याकडून वर्गाच्या शेवटी येणारी निरीक्षणं बहुधा सगळ्यात नेमकी असतात. आणि कडेचे दिवस परीक्षेच्या अर्जावर उघडपणे वेगळे लिहावेत. आज काही ठिकाणी ते गुपचूप सरावात मिसळले जातात आणि काही ठिकाणी प्रामाणिकपणे बसलेल्याचे बुडतात. पहिल्यात आळशाचा फायदा होतो, दुसऱ्यात जखम लपवून मॅटवर उतरणाऱ्याचा, आणि तो दुसरा पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला असतो.